हर्षालीच्या कॉलेजची प्लॉट पाहणी

भगवंतराव पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडण्याचं आवर्तन सुरू झालं की पिंपळवंडी आणि आजूबाजूच्या गावांत त्यांना जो मान मिळे, तो जावयालाही मिळत नसेल. पाणी कुणाच्या चारीला आधी आणि कुणाच्या नंतर, हे ज्याच्या हातात, त्याला बघून माणसं सायकलवरून उतरत. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, हर्षालीने, बारावी सायन्सला ऐंशी टक्के मिळवले आणि पेढ्यांचा पुडा अर्धाही रिकामा झालेला नसताना जाहीर केलं, "पप्पा, मला फाइन आर्टला जायचंय. डिग्रीला."

भगवंतराव चिडले नाहीत. त्यांच्या पत्नीच्या, आरतीबाईंच्या मते सगळा घोटाळा इथेच झाला. चिडले असते तर दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी गोडाचा शिरा, आणि विषय मिटला असता. पण ते म्हणाले, "चौकशी करतो." सरकारी माणसाने हा शब्द एकदा उच्चारला की ती चौकशी मग ब्रह्मदेवालाही थांबवता येत नाही.

साल दोन हजार चार. त्या वेळी तालुक्यात हुशार मुलीसाठी एकच रस्ता होता आणि तो सरळ डी.एड.ला जात होता. आरतीबाईंच्या भावाने एका डी.एड. कॉलेजात शब्दही टाकून ठेवला होता. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हर्षालीने यावर भांडण केलं नाही की रडारड केली नाही. ती एवढंच म्हणाली, "डी.एड. करीन मी. पण मग माझे रंग कुणाला तरी देऊन टाका. घरात ठेवू नका." हे वाक्य भगवंतरावांच्या घशात अडकलं. जेवताना अडकलं, कालव्यावर अडकलं, रात्री कूस बदलली तरी अडकलेलंच.

तर चौकशी. कॉलेज चांगलं पाहिजे, ही हर्षालीची अट. आणि परवडलं पाहिजे, ही भगवंतरावांची. "या दोन वस्तू एकाच दुकानात मिळतात असं मी तरी अजून ऐकलं नाही," असं आरतीबाईंनी कणीक मळता मळता सांगून टाकलं. तरी भगवंतरावांनी तीन नावं काढली. एक मुंबईचं सरकारी, एक पुण्यातलं खासगी आणि एक पुण्यातलंच जुनं, अनुदानावर चालणारं. खासगीवाल्या बाई फोनवर इतक्या गोड बोलल्या की भगवंतरावांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. मग त्यांनी वर्षाची फी सांगितली. भगवंतरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून पाहिला. त्या कानालाही तेवढीच ऐकू आली. जुन्या कॉलेजातला क्लार्क मात्र गोड वगैरे बोलला नाही. "माहितीपुस्तक समक्ष येऊन न्या, दुपारी दोन ते तीन," म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

समक्ष या! हे शब्द भगवंतरावांनी गेली वीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवले होते. आपल्याला कुणी ऐकवील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तरी ते रजा टाकून पुण्याला गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा क्लार्क रजेवर होता. दुसऱ्यांदा ते तासभर एका रांगेत उभे राहिले आणि खिडकीपाशी पोचल्यावर कळलं की ती रांग शेजारच्या हॉटेल मॅनेजमेंटची आहे. तिसऱ्यांदा पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचं मूळ प्रमाणपत्र जोडावं.

मूळ प्रमाणपत्र घरी नव्हतं. ते हर्षालीच्या जुन्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे फ्रेम करून लावलेलं होतं. शाळेच्या इतिहासात चित्रकलेला 'ए' ग्रेड मिळवणारी ती एकटीच. "ते शाळेचं भूषण आहे, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले. "इन्स्पेक्शनला आलेले अधिकारी आधी त्याच्याकडे बघतात. ते काढलं तर मागचं भिंतीचं भगदाड दिसतं." बरीच चर्चा झाली. शेवटी भगवंतरावांनी स्वतःच्या खर्चाने एक रंगीत झेरॉक्स काढून, तिला तसलीच फ्रेम करून ती भगदाडावर लावून दिली, तेव्हा कुठे मूळ कागद सुटला.

एवढं झाल्यावर कुठल्याही सुज्ञ माणसाने गप्प बसून अर्ज भरला असता. पण भगवंतरावांनी हा सगळा प्रकार बसस्टँडवर चहा पिताना पोपटरावांना सांगितला, आणि तिथून पुढे तो त्यांचा राहिला नाही.

पोपटराव म्हणजे पंचक्रोशीतले टोमॅटोचे आणि द्राक्षांचे नामांकित बागायतदार. नवं वाण बाजारात आलं की आधी कुणाकडे तरी लावलेलं बघून यायचं, मगच आपल्या रानात आणायचं, हा त्यांचा नेम. जीप काढायची, चार माणसं घालायची, नाशिककडे म्हणा, सांगलीकडे म्हणा जायचं, झाडाखाली उकिडवं बसून फळ कसं धरलंय ती सेटिंग बघायची, मालकाला एकरी उतारा विचारायचा आणि येताना त्याच्याच घरी जेवून यायचं. याला ते 'प्लॉट बघणं' म्हणत.

"साहेब, तुमी पुस्तक बघून कालेज निवडताय?" पोपटराव हादरलेच. "आवो, बियाण्याच्या पाकिटावरचा टमाटा बघून कुनी लागन करतं का? त्यो छापलेलाच आसतो! त्या कालेजातून निघालेली पोरं बघा. कशी वाढली, काय फळ धरलं. प्लॉट बघा राव, प्लॉट!"

भगवंतरावांना हे पटलं. खरं तर ज्याने कॉलेजचा निर्णय चार दिवस पुढे जाईल असं काहीही त्यांना त्या दिवसांत पटत होतं, पण हे तेव्हा त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

पोपटरावांनी शेतीऔषधांच्या दुकानदारांच्या ओळखीने दोन दिवसांत तिन्ही कॉलेजांचा एकेक माजी विद्यार्थी शोधून काढला. जीप निघाली. पुढे पोपटराव आणि भगवंतराव; मागे हर्षाली आणि सयाजीअण्णा. सयाजीअण्णा प्रत्येक प्लॉट पाहणीला असतच, कारण बागायतदाराला अवघड प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे होतं.

पहिला प्लॉट आणे गावच्या पठारावर, मुंबईच्या सरकारी कॉलेजचा. पण प्लॉट जागेवर नव्हता; तो मुंबईलाच होता. घरी त्याची आई, कोंडाबाई, शेंगा निवडत होत्या.

"काय करतो मुलगा?" भगवंतरावांनी विचारलं.

"शिनेमाचं राजवाडं बांधतो."

सगळे खूश झाले. सयाजीअण्णांनी मान डोलावून विचारलं, "मग हायेत का अजून? बघाया मिळत्याल?"

"कुठलं वो! आठवडाभर खपून बांधत्यात आन शूटिंग झालं की दुसऱ्या दिशी पाडत्यात. मला येकदा न्हेलं व्हतं. म्या इचारलं, आरं मग ऱ्हायाचं कुनी? तर हसाया लागला."

पठार उतरताना पोपटराव म्हणाले, "पीक हुबं ऱ्हायलं की नांगर घालायचा. न्हाई बसत डोक्यात." हर्षाली मात्र मागे खिडकीला टेकून एकटीच हसत होती. तिला तो धंदा फार आवडलेला दिसत होता.

दुसरा प्लॉट मंचरला, खासगी कॉलेजचा. राकेश नावाचा सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा. खाली फ्लेक्स छापायचं दुकान, वर घर, दारात नवी मोटरसायकल. प्लॉट म्हणजे असा, की बघताक्षणी पोपटरावांनी भगवंतरावांच्या मांडीवर थाप मारली. राकेशने सगळ्यांना वर नेऊन बसवलं. राकेशची आई, जानकाबाई, पदर सावरत दाराशी उभ्या राहिल्या, आणि सयाजीअण्णांनी काम सुरू केलं.

"म्हैन्याला किती सुटत्यात?"

राकेशने सांगितलं.

"घर सोताचं का भाड्याचं?"

"स्वतःचं."

"जिमीन?"

"थोडी आहे, गावाला."

"येसन काय? तंबाखू, दारू?" हा प्रश्न सयाजीअण्णांनी खास काढून ठेवला होता. कलाकार पितात असं त्यांनी ऐकलं होतं, आणि ते कॉलेजमुळे की मुळातच, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"नाही हो," राकेश गोंधळून म्हणाला. तोवर जानकाबाई दारातून गायब झाल्या होत्या. आतून कांदा चिरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या पोहे घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर दुसरी साडी होती. त्यांनी हर्षालीच्या शेजारी बसून तिची बारीक चौकशी केली. स्वयंपाक येतो का? थोडा येतो. बारावीला मार्क किती? अरे वा. मग शेजारच्या बाई आल्या, कुंकू लागलं, हर्षालीची नारळाने ओटी भरली गेली. पोपटराव भगवंतरावांच्या कानाशी लागले, "काय मानसं हायेत राव! नुसतं कालेज इचाराया आलो तर केवढा पावनचार!" भगवंतरावांना कुठेतरी पाल चुकचुकल्यासारखं झालं, पण हातात पोहे होते.

हर्षालीने एवढ्यात राकेशला हळूच विचारलं, "तुम्ही शेवटचं चित्र कधी काढलं?"

राकेशने खाली दुकानाकडे नजर टाकली. "दुकान टाकल्यापासून... वेळच मिळत नाही," तो म्हणाला आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागला. भगवंतरावांनी ते ऐकलं.

निघताना जानकाबाई प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "आमच्याकून पसंती हाय बरं का. तुमी कवा कळवताय?"

आणि पोपटराव अत्यंत मोकळ्या मनाने म्हणाले, "आज अजून येक बघायचाय ताई, तळेघरला. दोनी बघू आन मग ज्यो बरा वाटंल त्यो!"

जानकाबाईंचा चेहरा असा काही झाला की भगवंतरावांना एका क्षणात ओटी, साडी, पोहे, शेजारीण सगळ्याचा उलगडा झाला. राकेश लाल झाला. हर्षाली त्याहून लाल झाली आणि नारळ कुठे ठेवावा ते तिला कळेना. भगवंतरावांनी हात जोडून, अडखळत, आपण कॉलेज बघायला आलो होतो असं सांगितलं. जानकाबाई म्हणाल्या, "म्हंजे माझ्या पोराला तुमी शाळा म्हून बघिटलं?" या प्रश्नाला पाटबंधारे खात्याच्या कुठल्याही नियमात उत्तर नव्हतं. माफी मागून सगळे जिना उतरले.

घोडेगावला भगवंतरावांनी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. वीस वर्षं कमावलेली अब्रू आपणच आपल्या तोंडाने सावरावी, असा विचार होता. पलीकडून आरतीबाई म्हणाल्या, "मुलगी दाखवायला नेलीत आणि मला सांगितलंही नाही?" मंचरला आरतीबाईंची चुलत बहीण राहत होती, आणि ती जानकाबाईंच्या शेजारणीची नणंद होती.

भगवंतरावांनी जीप मागे वळवायला सांगितली. पोपटराव ऐकेनात. "दोन प्लॉट बघून आजवर कुनी वाण ठरिवलंय का? तिसरा बघायचाच." जीप डिंभ्याच्या पुढे घाटात तापली, रेडिएटरमधून वाफ निघाली, आणि शेवटचं अंतर चिखल तुडवत चालावं लागलं. हर्षाली सगळ्यांच्या पुढे होती.

तळेघरच्या निवासी शाळेत स्वप्ना नावाच्या चित्रकला शिक्षिका होत्या, पुण्याच्या त्या जुन्या कॉलेजात शिकलेल्या. रविवार असल्याने त्या शाळेच्या व्हरांड्यात बसून डहाळी समोर ठेवून काहीतरी काढत होत्या. या वेळी भगवंतरावांनी कॉलेजची चौकशी करायला आलोय हे आधीच सांगून टाकलं. मग सयाजीअण्णांनी धोतर झटकलं, बूड टेकलं आणि विचारलं, "पगार किती?"

"सांगते," स्वप्नाताई म्हणाल्या. "आधी सांगा, शिकणार कोण? ही? चित्रं आणलीस का गं?"

जीपमध्ये पाण्याचा कॅन होता, भाकरी होत्या, पोपटरावांच्या टोमॅटोचं एक क्रेट होतं, मंचरचा नारळ होता.

"मला कुणी आणायला सांगितलं नाही," हर्षाली म्हणाली. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "सकाळपासून सगळ्यांचं सगळं बघून झालं. माझं चित्र कुणी बघितलंय?"

भगवंतराव आठवू लागले. परीक्षेची फी त्यांनी भरली होती. प्रमाणपत्राच्या झेरॉक्सला फ्रेम केली होती. चित्र? चित्र असं त्यांना एकही आठवेना, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग आत्ता काढ," स्वप्नाताईंनी फळी, कागद आणि कोळशाची कांडी तिच्यापुढे सरकवली. "माणूस काढ. कोण बसतंय?"

पोपटराव लगेच बसले. केसांवरून हात फिरवला, छाती काढली, आणि पहिली रेघ उमटायच्या आत नारायणगावच्या मार्केटचा भाव सांगू लागले. त्यांना उठवण्यात आलं. सयाजीअण्णा म्हणाले, आपले साध्या फोटोतही डोळे मिटतात. राहिले भगवंतराव. त्यांना खुर्चीवर बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही.

बघता बघता गर्दी जमली. वसतिगृहातल्या मुली आल्या, स्वयंपाकघरातल्या सोनीबाई उलथनं हातात घेऊन आल्या, नाचणीच्या रोपाकडे निघालेले दोघे-तिघे कुदळीवर हनुवटी टेकून उभे राहिले. "कान मोटा झाला गं." "मिशी ऱ्हायली." "मानूस हाय का पुतळा? पापनी बी हलंना." भगवंतरावांच्या नाकाला खाज सुटली. ज्या माणसापुढे तीन गावं उभी राहत, तो चिखलाने भरलेल्या पायांनी परक्या व्हरांड्यात बसून नाक खाजवायला परवानगी मागावी की नाही याचा विचार करत होता.

मग हलता येत नाही म्हटल्यावर ते समोर बघू लागले. समोर हर्षाली होती.

ती त्यांच्याकडे बघत होती, खाली बघत होती, पुन्हा बघत होती. ओठ दाताखाली धरलेला, कपाळावर कोळशाचा डाग. सोनीबाईंचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. घरात चहा ठेव म्हटलं तर तीनदा हाक मारावी लागणारी मुलगी इथे एका रेघेसाठी श्वास रोखून धरत होती. आपण हिला रोज बघतो असं भगवंतरावांना वाटत आलं होतं. तिला असं कामात गढलेलं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि आपल्याला कुणी आता खुर्चीवरून उठवू नये असं त्यांना वाटू लागलं.

चित्र झालं. सगळे वाकले. "ह्ये साहेब न्हाईत," सयाजीअण्णांनी निकाल दिला. "साहेब येवढं भ्यालेलं कवा दिसत्यात?"

"व्हय की," पोपटराव म्हणाले. "जरा रुबाब टाक की पोरी."

भगवंतरावांनी कागद हातात घेतला. कान खरंच मोठा झाला होता. पण खुर्चीच्या काठावर, दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून बसलेला तो माणूस घाबरलेला होता, यात शंका नव्हती. मुलगी पुण्याला जाणार, तिथे आपल्याला काही कळणार नाही, ती फसली तर आपल्यामुळे, जमली तर ती परत येणार नाही. हे सगळं त्या हातांत उतरलं होतं. तिन्ही प्लॉट वाईट निघावेत असं सकाळपासून आपल्याला वाटत होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

"मीच आहे हा," ते म्हणाले. "बरोबर काढलंय."

स्वप्नाताईंनी सांगितलं की हात कच्चा आहे, कान चुकलाय, पण माणूस सापडलाय, त्यामुळे शिकवता येईल. कॉलेजचं विचाराल तर पावसात एका वर्गात बादली ठेवावी लागते. होस्टेल नाही, त्या स्वतः मावशीकडे राहिल्या. पण अनुदानामुळे फी झेपते, आणि तिथले सर वेळ संपली तरी घरी जात नाहीत. "आणि अण्णा, पगार कधी वेळेवर होतो, कधी होत नाही. चित्र मात्र रोज काढते."

घरी पोचल्यावर भगवंतरावांनी आरतीबाईंना सांगितलं, "डी.एड.ला नाही म्हणून कळव." आरतीबाईंनी त्यांचे चिखलाचे पाय पाहिले, हर्षालीच्या कपाळावरचा डाग पाहिला. "कळवते," त्या म्हणाल्या. "पण मंचरचा मुलगा दिसायला कसा होता?"

हर्षाली प्रवेश परीक्षा पास झाली. प्रवेशाच्या दिवशी भगवंतराव तिला घेऊन एकटेच गेले. पोपटरावांना त्या दिवशी मुद्दाम पाण्याची पाळी दिली होती. सगळं उरकल्यावर तिथले वयस्कर सर म्हणाले, "काही विचारायचंय?"

भगवंतरावांनी टोपी हातात फिरवली. "इथं माणसं बसवून चित्र काढतात ना?"

"हो, दर आठवड्याला."

"मॉडेल कमी पडलं तर मला कळवा. रविवारी मला सुट्टी असते."

सर हसले. त्यांना ती गंमत वाटली असावी. पण दिवाळीनंतर एकदा ठरलेला माणूस आला नाही आणि खरोखरच फोन आला. भगवंतराव पहिल्या गाडीने निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून. वर्गात गोलाकार बसलेली मुलं होती, मधोमध एक स्टूल. हर्षालीने डोळ्यांनीच विचारलं, हे काय? भगवंतराव स्टुलावर बसले.

"काका, नजर खिडकीकडे," सर म्हणाले.

भगवंतरावांनी नजर खिडकीकडे लावली. थोड्या वेळाने ती फिरून हर्षालीवर आली. ती कागदावर वाकली होती, ओठ दाताखाली धरून. सरांच्या ते लक्षात आलं. ते जवळ आले आणि मुलांना म्हणाले, "राहू द्या. काकांची नजर आता आहे तशीच काढा."